दोन सीटच्या गाडीतल्या त्रेचाळीस खोडी

खुशालरावांना एखादी गोष्ट आवडली की ते तिला नावं ठेवायला लागतात. न आवडलेल्या गोष्टीपुढे ते थांबतच नाहीत. हे माहीत नसल्यामुळे आमच्या अमरावतीच्या साईनगरातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खुशालराव आले, चपला काढल्या आणि पानं वाढेपर्यंत घरभर फिरत राहिले. जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच उंच आहे. खिडकीच्या जाळीतून डास कशाला, चिमणी येईल. संडासाचं दार उघडलं की आतला माणूस बैठकीतल्या पाहुण्यांना थेट दर्शन देईल. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायला लागली, तेव्हा खुशालरावांच्या पत्नी कौशल्याकाकू तिच्या मागोमाग गेल्या.

"रडून काहून राहिली वं? लय आवडलं याईले तुमचं घर. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात हे चहा पिऊन पाच मिन्टात निंगाले होते. एक शब्द नाई बोलले. थो बंगला गेला कामातून."

याचं मूळ दर्यापूरच्या बैलबाजारात आहे. खुशालरावांचे वडील तिथे दलाल होते. बाजारात बैल मनात भरला तरी "चांगला" हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. काढला की भाव चढला. उलट शिंग आत वळलंय, खूर पसरट आहे, शेपटीचा गोंडा विरळ आहे, असं मोठ्यानं म्हणत बैलाभोवती फिरायचं. बैलाचा मालक यावर रागावत नाही, आतून खूश होतो. ज्याला घ्यायचा नाही तो खोड काढायला थांबेलच कशाला? जितक्या खोडी जास्त, तितकं गिऱ्हाईक पक्कं. मग गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागतं आणि मालक हाक मारून परत बोलावतो. असं दोनदा होतं. तिसऱ्या वेळी दोघं रुमालाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात, गिऱ्हाईक इसाराचे आगाऊ पैसे देतं आणि बैल घरी जातो.

खुशालराव बैलांच्या धंद्यात गेले नाहीत, एसटीत ड्रायव्हर झाले. पण बाजार त्यांच्यात राहिला. मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत तीन खोडी काढल्या होत्या: उंची कमी आहे, आवाज बारीक आहे, पोह्यात मीठ जास्त आहे. दुसरा कोणी बाप असता तर त्यानं यांना दाराबाहेर काढलं असतं. पण मुलीचे वडीलही दर्यापूर तालुक्यातलेच. त्यांनी लगेच पेढे आणायला माणूस पाठवला.

त्यानंतर चाळीस वर्षं संसार झाला. भाजीला नाव ठेवत तिसऱ्यांदा वाढून घेणारा हा माणूस काकूंना पुरता पाठ आहे. "पोळी जाड हाय" असं म्हणाले की त्या तवा उतरवत नाहीत.

एकतीस वर्षं त्यांनी अमरावती-दर्यापूर आणि अमरावती-अकोला या रस्त्यांवर लाल गाडी चालवली. काकू माहेरी जायच्या त्याही त्यांच्याच गाडीनं. त्या चौथ्या रांगेत खिडकीशी बसायच्या आणि खुशालराव केबिनमधल्या आरशातून त्यांच्याकडे पाहायचे. मध्ये जाळी, पाट्या, कोंबडीची डालगी, उभी माणसं. एकदा ते मला म्हणाले होते, "बायको म्या आरशातच पायली भाऊ. थे बी गर्दी कमी असन त."

हे त्यांनी सांगितलं राजापेठेतल्या चहाच्या टपरीवर, आणि सांगितलं ते किसनराव मास्तरांच्या गाडीवरून विषय निघाला म्हणून.

किसनराव आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवायचे. मूळचे बार्शीटाकळीकडचे. त्यांच्या आई इंदूबाई अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या, आणि त्या जिनिंगच्या मालकाकडे एक विलायती गाडी होती. अठ्ठावन्न सालची एमजी. आता एमजी म्हटलं की लोकांना शोरूममधली उंच गाडी आठवते. ही तशी नव्हे. ही गुडघ्याएवढी बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची, दोनच सीटची. शर्यतीत पळवायला केलेली गाडी अकोल्याच्या उन्हात जिनिंगपासून क्लबापर्यंत पळायची. पुढे जिनिंग बंद पडलं, मालक गेले, गाडी बारदानाखाली गेली. किसनराव निवृत्त झाले त्या वर्षी तिथलं भंगार निघालं, आणि मास्तरांनी ती भंगाराच्या भावात उचलून टेम्पोत घालून अमरावतीला आणली. आणली तेव्हा तिच्यात उंदरांची तिसरी पिढी नांदत होती.

"माझी आई हिची धूळ खायची," ते म्हणायचे. "आता मी हिची धूळ पुसतो. एवढाच फरक पडला."

सहा वर्षं पुसली. पत्रा स्वतः ठोकला. तारांच्या चाकांचा एकेक आरा बसवला. जे सुटे भाग इथे मिळत नाहीत ते पुण्यात नोकरीला असलेली त्यांची मुलगी दीपमाला इंग्लंडहून मागवून द्यायची. रंग तर तीन वेळा खरवडून काढला, कारण त्यांना जो हिरवा हवा होता तो डब्यावर एक आणि पत्र्यावर दुसराच निघायचा. शेवटी जमला. बाटलीच्या तळाशी दिसतो तसा गडद हिरवा. त्यात समोर उभ्या माणसाचा चेहरा जरा बरा दिसायचा, माझासुद्धा.

खुशालराव दर रविवारी स्कूटर काढून मास्तरांच्या शेडमध्ये जायचे. कधी मीही मागे बसायचो.

"जयभीम मास्तर."

"रामराम ड्रायवरसाहेब. या. आज काय वाकडं दिसते?"

खुशालराव गाडीभोवती एक फेरी मारायचे. हात मागे, मान तिरकी, चाल बाजारातली.

"मास्तर, दाराले बाहेरून मूठच नाई."

"आतून दोरी आहे. हात आत घालायचा अन् ओढायची."

"म्हंजे चोरानं बी हात घालायचा अन् ओढायची."

"हिला टपच नाही. चोर वरून येईन, दार कायले उघडते?"

"मंग हे बी लिवा. टप नाई."

मास्तर खरंच लिहायचे. हजेरीपटासारखी एक जाड वही होती. वर आयटीआयच्या फळ्यावरच्या अक्षरात "त्रुटी" असं लिहून खाली क्रमांक, तारीख आणि खोड. दुरुस्त झाली की पुढे "केले". त्या वहीत बघता बघता त्रेचाळीस खोडी जमल्या. खिडक्यांना काचा नाहीत. डिकीत एक चाक ठेवलं की गहू ठेवायला जागा नाही. वेगाचा काटा मैलात आहे. हॉर्नचं बटन मधोमध आहे, "बाजूच्यानं वाजवला त काय करान?" आणि सतरा नंबरची, जी मास्तरांना कधीच दुरुस्त करता येणार नव्हती: सीट दोनच.

मास्तर या खोडींवर गालातल्या गालात हसायचे. तेही वऱ्हाडातलेच. त्यांना कळत होतं की गिऱ्हाईक लागलंय.

कारण गाडी विकायची होती. मास्तरांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता, गाडी तयार होईपर्यंत ती चालवायची नजर गेली होती. दिवाळीत गाडी पूर्ण झाली आणि पुढच्या काचेवर पुठ्ठा लागला: विकणे आहे. इतक्या सुंदर अक्षरात की पुठ्ठासुद्धा विकत घ्यावा.

त्या दिवशी मास्तरांनी इंजिन सुरू करून दाखवलं. बटन ओढायचं असतं, दाबायचं नसतं. आधी एक खोकला, मग गुरगुर, आणि मग शेडभर असा एक भरलेला, गोल आवाज की बाजूच्या पिठाच्या गिरणीतली माणसं हात झाडत पाहायला आली. खुशालरावांचा चेहरा मी पाहिला. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या पायाखाली एसटीचं इंजिन खडखडलं, तो माणूस देवळात उभा असल्यासारखा उभा होता. मग त्यांना कोणीतरी पाहतंय याचं भान आलं.

"आवाज भल्लाच गोड हाय," ते म्हणाले. "इंजिनात दम नसन."

परत येताना त्यांनी टपरीवर स्कूटर थांबवली आणि ते आरशाचं बोलले. मग म्हणाले, "भाऊ, मागं शीटच नाई तिले. मागं कोनी बसूच शकत नाई. घंटी वाजवनारा नाई, 'थांबवा हो ड्रायवर' म्हननारा नाई. मी अन् बायको. बाजूले. एकडाव चिखलदऱ्याले नेतो तिले, सकायच्या पारी, उघड्या गाडीत. मंग गाडी इकली तरी चालते."

"पैशाचं?"

"दर्यापूरचा पलाट इकला ना म्या."

"काकूंना सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाजारात बैलाचा मुका घेतला.

"सांगतलं की भाव वाढते," ते म्हणाले.

घरी ते काकूंपुढे काय बोलत होते ते मला काकूंकडूनच कळलं. रोज जेवताना गाडीची एक खोड. काकूंना सगळी यादी तोंडपाठ झाली होती. "म्हाताऱ्याले डबड्याचं याड लागलं," एवढंच त्या म्हणायच्या आणि ताक वाढायच्या.

आता यात चूक कुठे झाली? खरं म्हणजे घाई न करण्यात झाली. बाजारात उतावळं गिऱ्हाईक बुडतं, हे वडिलांनी शिकवलेलं. दिवाळीनंतर खुशालराव एकदा पाठ फिरवून आले, मास्तरांनी हाक मारली. डिसेंबरात दुसऱ्यांदा फिरवून आले, मास्तरांनी पुन्हा हाक मारली. "संक्रांत होऊ द्या मास्तर, मंग पाहू," असं सांगून ते घरी आले आणि वडिलांचा रुमाल पेटीतून काढून त्यांनी धुवायला टाकला. आंब्याच्या रंगाचा, काठ विरलेला रुमाल. काकूंनी तो इस्त्री करून ठेवला. कशासाठी, ते विचारलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी सकाळी मास्तर शेडचं कुलूप उघडायला गेले आणि दारातच बसले. ते उठले नाहीत.

मास्तरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो. भन्तेजी बोलत होते, दीपमाला पांढऱ्या साडीत समोर बसली होती. खुशालराव मागच्या रांगेत मान खाली घालून होते. कार्यक्रम संपल्यावर आयटीआयचे लोक उठून मास्तरांबद्दल दोन-दोन शब्द बोलले. खुशालरावांनाही कोणीतरी कोपरानं खुणावलं. ते उठले, हात जोडले, बसले. त्यांच्याकडे मास्तरांबद्दल एकही खोड नव्हती आणि दुसरं बोलायची सवय नव्हती.

पंधरा दिवसांनी आम्ही शेडवर गेलो. मी मागे बसून गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. दीपमाला सुट्टी वाढवून राहिली होती. घर, शेड, हत्यारं, सगळं आवरून तिला पुण्याला परतायचं होतं. डोळ्यांखाली काळं झालेलं, हातात तीच जाड वही.

तिनं सरळ विचारलं. पुण्यात राहून माणसं सरळ विचारतात.

"काका, बाबा म्हणायचे तुम्ही गाडी बघायला येता. तुम्हाला घ्यायची आहे का?"

त्या क्षणी खुशालरावांनी "हो" म्हटलं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. पण समोर मालकीण आणि बाजूला माल. त्यांचे हात आपोआप मागे गेले आणि मान तिरकी झाली.

"घ्याची म्हंजे... पाहून राहिलो. हिच्यात हाये का पन बेटा एवढं? रंग पाय. एका अंगानं हिरवा, एका अंगानं काया. दाराले मूठ नाई. आवाजात दम नाई."

"हो, हे सगळं बाबांनी पण लिहून ठेवलंय," ती वही उघडून म्हणाली. "त्रेचाळीस प्रॉब्लेम्स आहेत. मला माहीत नव्हतं इतके आहेत."

"लिवनारच. पत्राबी ठोकलेला हाय ना हातानं. मशिनीचं काम कोठी अन् हातचं कोठी."

ती वहीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत राहिली. खुशालराव बोलत राहिले. मी बाजूला उभा होतो. मला एक वाक्य बोलता आलं असतं: "पोरी, हे सगळं कौतुक आहे." पण सौदा रंगात आलेला, मध्ये तोंड घालणं वाईट दिसतं. शिवाय मलाही वाटलं की मास्तरांच्या मुलीला हे कळत असेलच. आपल्याला जे लहानपणापासून कळतं ते सगळ्यांनाच कळत असणार, असं धरून चालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे.

"येतो मंग," म्हणत खुशालरावांनी पाठ फिरवली. फाटकापर्यंत अगदी सावकाश चालले. कान मागे होते. हाक आली नाही.

स्कूटरवर मला म्हणाले, "पक्की हाय. मास्तरची पोरगी हाय ना. बलावलंच नाई तिनं. आठ दिवसात बलावते पाय."

आठ दिवस ते फोन उशाशी घेऊन बसले. एकदा बँकेच्या कर्जाचा फोन आला, एकदा नंबर चुकलेला. नवव्या दिवशी त्यांनी बाजाराचा नियम मोडला: बोलावणं नसताना, इस्त्रीचा रुमाल खिशात घालून, इसार घेऊन, मला न घेता, स्वतःच गेले. जाताना काकूंना म्हणाले, "येतो जरा. शनिवारी कोठी जाऊ नोको." काकूंनी शनिवारी कुठे जायचं ठरवलंच नव्हतं.

पुढचं त्यांनी मला सांगितलं आणि दीपमालानंही. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

शेड रिकामी होती. फरशीवर गाडीएवढा स्वच्छ चौकोन, भोवती धूळ.

"काका, गाडी गेली," दीपमाला म्हणाली. "परवाच नेली. मूर्तिजापूरच्या पुढे हायवेवर एक गार्डन रेस्टॉरंट होतंय, त्याचे मालक आले होते. प्रीतम म्हणून आहेत."

खुशालराव त्या चौकोनाकडे पाहत राहिले. "रेष्टारंटात चालवन थो?"

"चालवणार नाहीत. दारात चौथऱ्यावर ठेवणार आहेत. लोक फोटो काढतील."

"चालवनार नाई?"

"ते आले आणि गाडी बघूनच म्हणाले, क्या बात है, तुमच्या बाबांनी कमाल केली. दहा मिनिटं नुसते म्हणत होते, काय काम आहे, काय हात आहे." तिचा आवाज बदलला. "काका, बाबांच्या कामाला चांगलं म्हणणारा तो पहिला माणूस होता. मी त्यांना सगळी वही दाखवली, लपवलं काही नाही. त्यांनी मग त्रेचाळीस प्रॉब्लेम्स म्हणून भाव पाडला. मी म्हटलं पाडू दे. निदान बाबांचं काम त्यांना आवडलं. बाकी कुणाला..."

खुशालराव फाटकाजवळच्या लोखंडी स्टुलावर बसले. मास्तर त्यावर बसून चाकांचे आरे घासायचे.

"बेटा, ते वही तुया बापाची नोय," ते म्हणाले. "माही हाय."

मग त्यांनी तिला बाजार समजावून सांगितला. बैल, शिंगं, गोंडा, पाठ फिरवणं, हाक मारणं, रुमाल. रुमाल काढून दाखवला. आणि मग, आमच्यापैकी कोणीही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते बोलले. म्हणाले, तुया बापानं जे काम केलं तसं म्या एकतीस वर्साच्या नोकरीत कोन्या डेपोत, कोन्या वर्कशॉपात पायलं नाई. तो रंग त खोल पान्यासारखा होता. अन् तो आवाज आयकून मले रात्री झोप आली नाई. दर रविवारी मी गाडी पाहाले नोयतो येत, तुया बापाचे हात पाहाले येत होतो.

दीपमाला म्हणाली, आणि पुण्यात दहा वर्षं काढून ती हे वऱ्हाडीत म्हणाली, "काका, मंग थे तवा काहून नाई बोलले?"

खुशालराव रुमालाची घडी घालायला लागले.

तिनं वही त्यांना देऊन टाकली. घरी आल्यावर त्यांनी ती मला वाचायला लावली. त्यांचा चष्मा सापडत नव्हता असं ते म्हणाले, चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. शेवटच्या पानावर, दिवाळीतल्या तारखेला, मास्तरांच्या फळ्यावरच्या अक्षरात: "४३. आवाज फार गोड आहे, इंजिनात दम नसेल." पुढे "केले" नव्हतं. त्याऐवजी त्यांनी लाल पेनानं, विद्यार्थ्याच्या जर्नलवर लिहितात तसं, लिहिलं होतं: "पास." खाली सही.

मी ते दोनदा वाचून दाखवलं. खुशालराव म्हणाले, "अक्षर वाकडं हाय मास्तरचं." आणि उठून मोरीत तोंड धुवायला गेले.

प्रीतम यांच्याकडे आम्ही गाडी परत विकत मिळेल का, असा निरोप पाठवून पाहिला. ते भले गृहस्थ निघाले, पण उशीर झाला होता. चौथरा बांधून झाला होता आणि वारं-पाऊस-माणसं यांना पुरून उरावी म्हणून गाडी खालून चार बोल्ट ठोकून सिमेंटात पक्की केली होती. इंजिन आणि बॅटरी काढून मागच्या खोलीत ठेवली होती. "अंकल, पब्लिक बटनं ओढते ना," ते म्हणाले. "कधीही या, जेवण आमच्याकडून."

जेवायला जायची खुशालरावांची तयारी नव्हती. पण चैत्रात अकोल्याला काकूंच्या भाच्याच्या मुलीचं बारसं निघालं आणि मी माझी गाडी काढली. नेहमीप्रमाणे खुशालराव माझ्या शेजारी, काकू आणि माझी बायको मागे. मूर्तिजापूर मागे पडलं तसे खुशालराव रस्त्याच्या डाव्या बाजूला पाहायला लागले. मी विचारलं नाही, वेग कमी केला, डावीकडे घेतलं.

चौथरा चांगला उंच होता. त्यावर ती हिरवी गाडी नाक वर करून उभी. भोवती प्लास्टिकची फुलं, मागे दिव्यांची माळ. धूळ इतकी बसली होती की हिरवा रंग शोधावा लागत होता. एका चाकातली हवा गेली होती. सीटवर कोणीतरी आइस्क्रीमची काडी टाकली होती.

मला वाटलं, आता खोडींचा पाऊस पडेल. इतक्या खोडी त्या गाडीत सहा वर्षांत कधीच नव्हत्या.

खुशालराव चौथऱ्याच्या पायरीशी उभे राहिले. हात मागे गेले नाहीत, मान तिरकी झाली नाही. एक शब्द बोलले नाहीत. माझ्या बायकोनं, जिला या घराण्याची भाषा आता चांगली कळते, माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

काकू मात्र पदर खोचून चौथऱ्यावर चढल्या. त्यांनी गाडी पहिल्यांदाच पाहिली. एक फेरी मारली, सावकाश. दाराशी आल्या, आत हात घातला, चाचपून दोरी ओढली. दार उघडलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण रोज जेवताना ऐकलेलं होतं. मधोमधच्या हॉर्नवर त्यांनी अंगठा दाबला. तो वाजला नाही.

मग त्या दोन्ही सीटांकडे पाहत राहिल्या. त्यांनी आइस्क्रीमची काडी उचलून बाहेर टाकली.

"रंग जास्तच गडद हाय," त्या खाली न बघता म्हणाल्या. "टप नाई. उनानं डोस्कं तापलं असतं चिखलदऱ्यापावतर."

चिखलदऱ्याचं त्यांना कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. मी नव्हतं सांगितलं. खुशालरावांनी मान वर केली.

"अन् शीट त लयच लहान हाये बाप्पा," काकू म्हणाल्या. "दोघं बसले असते त खांद्याले खांदा लागला असता सारा रस्ता."

ही खोड वहीत नव्हती.

खुशालराव पायऱ्या चढून वर गेले. खिशातून तो आंब्याच्या रंगाचा रुमाल काढला आणि बाजूच्या सीटवरची धूळ पुसायला लागले. काकू दार धरून उभ्या होत्या. "बारशाले उशीर होऊन राहिला," त्या म्हणाल्या, पण दार काही त्यांनी सोडलं नाही.